बक्षीस तर मिळालं, सिनेमा कुठे लागलाय?

जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी सिनेमाला जागतिक कथापट विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. भारतीय कथापटाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. बातमी सगळीकडे फिरली, अभिनंदनं झाली आणि लगोलग प्रश्न आला: लागलाय कुठे? कुठेच नव्हता. आपल्याकडे तो थिएटरात आला १९ सप्टेंबर २०२५ला, जवळपास आठ महिन्यांनी, तोही मोजक्या पडद्यांवर.

सिनेमाची गोष्ट अशी. वडील गेल्यावर मुंबईत राहणारा तिशीतला आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. नातेवाइकांनी लग्नाचा धोशा लावलेला असतो, आणि तिथेच लहानपणीच्या मित्राशी, बाळ्याशी, त्याचं नातं जुळत जातं. त्यामुळे बातम्यांमध्ये त्याला ‘क्वीअर सिनेमा’ म्हटलं गेलं, ‘इंडिपेंडंट’ही म्हटलं गेलं. या दोन्ही शब्दांमागे एक अख्खा व्यवसाय आहे आणि त्याचे हिशेब नेहमीच्या सिनेधंद्यापेक्षा वेगळे चालतात.

## आधी दोन शब्दांची ओळख

क्वीअर म्हणजे समलैंगिक, उभयलैंगिक, ट्रान्स आणि स्त्री-पुरुष या दोन खणांत न बसणारी सगळी माणसं. एखाद्या सिनेमात असं पात्र आलं की तो लगेच क्वीअर सिनेमा होत नाही. गोष्ट त्या माणसाच्या नजरेतून सांगितली जाते की त्याच्याकडे बाहेरून बघून, हा खरा फरक. हिंदी-मराठीत दशकानुदशकं विनोदासाठी आणलेली बायकी पात्रं बाहेरून बघणाऱ्यांसाठी होती.

‘स्वतंत्र’ची, म्हणजे ‘इंडिपेंडंट’ची, व्याख्या तर आणखी सोपी. ज्या सिनेमाच्या मागे मोठा स्टुडिओ नाही, तो स्वतंत्र. स्टुडिओ म्हणजे पैसा, वितरण आणि जाहिरात एकाच छताखाली. ते छत नसलं की दिग्दर्शकाला या तिन्ही गोष्टी तीन वेगवेगळ्या दारांत जाऊन मागाव्या लागतात. स्वातंत्र्य कसलं, तर बहुतेक वेळा हेच.

## एका सिनेमाला इतकी वर्षं का लागतात?

कानवडे मुंबईतल्या झोपडपट्टीत, एका खोलीच्या घरात वाढले. वडील ड्रायव्हर. शिक्षण इंटीरियर डिझाइनचं. कुठल्याही फिल्म स्कूलमध्ये न जाता ते सिनेमा शिकले. २०१६ साली त्यांचे वडील गेले. तेव्हा कानवडेंनी गावी जे दहा दिवस काढले, त्यांतून या सिनेमाचं बीज आलं. पडद्यावर यायला २०२५ उजाडलं.

मधल्या काळात ते हातावर हात ठेवून बसले नव्हते. त्यांनी लघुपट केले. त्यातला २०१९चा ‘उ उषाचा’ हा शेतमजुरी करणाऱ्या एका आईला शाळेतल्या शिक्षिकेबद्दल वाटणाऱ्या ओढीचा. त्याला मुंबईच्या ‘कशिश’ या क्वीअर चित्रपट महोत्सवाच्या अनुदानाचा आधार मिळाला होता. निर्माते होते नीरज चुरी, आणि पुढे ‘साबर बोंडं’च्या निर्मात्यांमध्येही तेच आहेत.

इथे जरा थांबायला हवं, कारण या धंद्याचं मर्म इथे आहे. स्वतंत्र दिग्दर्शकाला लघुपटातून पैसा मिळत नाही, पत मिळते. त्या पतीवर तो पटकथेच्या कार्यशाळेत शिरतो. तिथे निवड झाली की पत आणखी थोडी वाढते आणि तिच्या बळावर निर्मात्यांच्या बाजारात एक टेबल मिळतं. ‘साबर बोंडं’ची पटकथा एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) मराठी पटकथा शिबिरातून गेली, व्हेनिसच्या बिएनाले कॉलेजच्या कार्यशाळेतून गेली, गोव्याच्या फिल्म बाजारातही गेली. प्रत्येक ठिकाणी अर्ज, निवेदन, बजेट, नमुन्याची दृश्यं आणि वाट पाहणं. नकार आला तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच. नऊ वर्षं अशीच जातात. चित्रीकरणाला त्यातले काही आठवडे पुरतात.

## पैसे देतं कोण?

एकटा कोणीच देत नाही. असा सिनेमा सुरू झाला की पहिल्याच मिनिटात पडद्यावर एकामागून एक बोधचिन्हं येतात. प्रेक्षक चुळबुळ करतात, पण ती रांग नीट वाचली तर सिनेमाचा ताळेबंदच समोर येतो. ‘साबर बोंडं’मागे भारत, ब्रिटन आणि कॅनडा अशा तीन देशांतले निर्माते आहेत. अभिनेता जिम सर्भही सहनिर्मात्यांत आहे.

यातला पहिला प्रकार म्हणजे अनुदान. रॉटरडॅमचा ह्युबर्ट बाल्स फंड किंवा बर्लिनचा वर्ल्ड सिनेमा फंड अशा संस्था जगभरातल्या सिनेमांना मदत करतात. हे पैसे परत द्यावे लागत नाहीत, पण अटी असतात. बर्लिनच्या निधीसाठी जर्मन भागीदार निर्माता लागतो. दुसरा प्रकार खासगी गुंतवणूकदारांचा. त्यांत अनेकदा याच समाजातली किंवा समाजाबद्दल आस्था असलेली, बऱ्यापैकी कमावती माणसं असतात. तिसरा लोकवर्गणीचा. ओनीर या दिग्दर्शकाचा ‘आय ॲम’ शेकडो लोकांनी समाजमाध्यमांतून पैसे उभे करून दिल्यामुळे झाला आणि २०११मध्ये प्रदर्शित झाला. त्या काळी आपल्याकडे हे नवलच होतं. त्याला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

मराठी सिनेमांसाठी राज्य सरकारचं अनुदानही आहे. ‘अ’ आणि ‘ब’ असा दर्जा ठरवून ते दिलं जातं. अडचण इतकीच की ते सिनेमा पूर्ण झाल्यानंतरचं आहे. भांडवल उभं करायच्या वेळी त्याचा उपयोग नाही.

## आलेले पैसे आधी कोणाला?

सिनेमा विकला गेला, बातमी आली, म्हणजे दिग्दर्शकाच्या खात्यात पैसे आले असं आपण गृहीत धरतो. व्यवहारात हे कालव्याच्या पाण्यासारखं आहे. हेडच्या शेतांना पाणी आधी आणि टेलच्याला उरलं तर. सिनेमाच्या कालव्यावर हेडला बसलेला असतो विक्री एजंट, म्हणजे देशोदेशीच्या वितरकांना सिनेमा विकून देणारा. तो आपलं कमिशन घेतो आणि केलेला खर्च वळता करतो. त्यानंतर गुंतवणूकदारांचं मुद्दल. मग ज्यांनी मेहनताना ‘नंतर द्या’ म्हणून काम केलं ते तंत्रज्ञ आणि कलाकार. नफा म्हणण्यासारखं काही उरलं तर त्यात दिग्दर्शकाचा वाटा. बहुतेक स्वतंत्र सिनेमांचं पाणी टेलपर्यंत पोचतच नाही. करारात नफ्याचा टक्का मोठा लिहून घेणारा नवखा दिग्दर्शक म्हणूनच फसतो. त्याऐवजी बजेटमध्येच स्वतःचं मानधन, भले लहान असो, धरून ठेवणारा शहाणा.

## महोत्सवाने नक्की काय मिळतं?

सगळ्यात मोठी गैरसमजूत बक्षिसाच्या रकमेची आहे. मोठ्या महोत्सवांतल्या अनेक पारितोषिकांना रक्कम नसते किंवा सिनेमाच्या खर्चाच्या मानाने किरकोळ असते. खरं बक्षीस म्हणजे त्याच आठवड्यात तिथे हजर असलेले वितरक, समीक्षक आणि इतर महोत्सवांचे निवडकर्ते.

बक्षिसानंतर सिनेमा लगेच आपल्याकडे का दाखवत नाहीत, याचं उत्तरही इथेच आहे. महोत्सवांना ‘पहिला खेळ आमच्याकडे’ हवा असतो: जगातला पहिला, नाहीतर खंडातला पहिला, निदान देशातला पहिला. सिनेमा थिएटरात किंवा ऑनलाइन आला की ही दारं बंद होतात. म्हणून तो वर्षभर महोत्सवांत फिरवला जातो. पुढच्या महोत्सवांकडून दर खेळाचं थोडंफार मानधन मिळतं, आणि तेवढ्यात वेगवेगळ्या देशांत विक्रीच्या बोलण्या चालतात.

क्वीअर सिनेमाला या बाबतीत एक जादा वाट आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा फ्रेमलाइन महोत्सव १९७७पासून चालू आहे, लंडनचा फ्लेअर १९८६पासून. बर्लिनमध्ये १९८७पासून क्वीअर सिनेमासाठी टेडी हा वेगळा पुरस्कार आहे. कान महोत्सवात २०१०पासून क्वीअर पाम दिला जातो. म्हणजे जगभर या सिनेमांची वाट बघणारा, तिकीट काढणारा प्रेक्षक आधीपासून जमलेला आहे. आपल्याकडे हे काम कशिशने केलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ला समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची धार पहिल्यांदा बोथट केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत कशिश सुरू झाला. संस्थापक श्रीधर रंगायन हे स्वतः याच वाटेवरचे दिग्दर्शक. त्यांच्या २००३च्या ‘गुलाबी आईना’ला सेन्सॉरने पुन्हा पुन्हा प्रमाणपत्र नाकारलं होतं. सिनेमा परदेशी महोत्सवांत फिरत राहिला, देशात मात्र जाहीर खेळ लावता येत नव्हता. अशा माणसाने महोत्सव काढावा यात आश्चर्य नाही. महोत्सवांना माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून प्रमाणपत्रातून सूट मिळवता येते. जे थिएटरात लागू शकत नाही ते निदान तिथे दाखवता येतं.

## कलम ३७७ तर गेलं. आता अडतं कुठे?

हा आक्षेप रास्त आहे. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या समलैंगिक संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढलं. पण कलम ३७७ माणसांच्या वागण्याबद्दल होतं. सिनेमाला लागू होतो तो १९५२चा सिनेमॅटोग्राफ कायदा. तो तेव्हाही वेगळा होता आणि आताही वेगळाच आहे.

थिएटरात दाखवायच्या प्रत्येक सिनेमाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. परीक्षण समितीचा निर्णय पटला नाही तर पुनर्विचार समितीकडे जाता येतं. त्यानंतर पूर्वी एक अपील न्यायाधिकरण होतं. तिथे तुलनेने कमी वेळात आणि कमी खर्चात दाद मागता यायची. एप्रिल २०२१मध्ये ते बंद झालं. आता थेट उच्च न्यायालय. मोठ्या स्टुडिओकडे वकिलांची फौज असते. उसनवारीवर सिनेमा पूर्ण केलेल्या माणसाकडे बहुधा सुचवलेला कट मान्य करण्याइतकीच ताकद उरलेली असते. कायद्याच्या पुस्तकात अधिकार दोघांना सारखाच.

प्रमाणपत्रातल्या अक्षरालाही किंमत आहे. ‘ए’ मिळालेला सिनेमा टीव्हीवर दाखवता येत नाही, त्यासाठी कापून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. अनेक वर्षं टीव्हीचे हक्क हा निर्मात्यांच्या कमाईचा भरवशाचा भाग होता. त्यामुळे एका अक्षराने सिनेमाची बाजारातली किंमतच पडायची. २०१६मध्ये हंसल मेहतांच्या ‘अलीगढ’ला, एका समलैंगिक प्राध्यापकावरच्या सिनेमाला, ‘यूए’ मिळालं, पण त्याच्या ट्रेलरला ‘ए’. म्हणजे सिनेमा बारा वर्षांखालच्या मुलाने पालकांच्या देखरेखीत बघितलेला चालणार होता, पण ट्रेलर इतर ‘यू’ किंवा ‘यूए’ सिनेमांच्या आधी दाखवता येणार नव्हता. मग लोकांना कळायचं कसं?

आणि सेन्सॉर हा काही एकटाच नाका नाही. ओनीर यांनी भारतीय लष्करातून राजीनामा दिलेल्या एका समलैंगिक अधिकाऱ्याच्या आयुष्यावरून प्रेरित पटकथा संरक्षण मंत्रालयाकडे पाठवली. लष्करावरच्या सिनेमांसाठी तिथून ना-हरकत प्रमाणपत्र घेण्याचा नियम आहे. जानेवारी २०२२मध्ये ते नाकारलं गेलं. काश्मीरमध्ये एका सैनिकाचं स्थानिक मुलाशी प्रेम दाखवल्याने लष्कराची प्रतिमा मलिन होते, असं कारण सरकारने संसदेत दिलं. चित्रीकरण सुरू होण्याआधीच विषय संपला.

शिवाय कागद हातात असला तरी रस्त्यावर काय होईल सांगता येत नाही. दीपा मेहतांचा ‘फायर’, दोन स्त्रियांच्या प्रेमाचा सिनेमा, सेन्सॉरने एकही कट न सुचवता पास केला होता. तरी डिसेंबर १९९८मध्ये मुंबई-दिल्लीत थिएटरं फोडली गेली. याला पाव शतक उलटलं, पण थिएटरमालकांची भीती पुरती गेलेली नाही. आपल्या काचा कोण भरून देणार, हा त्यांचा प्रश्न असतो आणि तो खोटाही नाही.

## सिनेमा चांगला असेल तर चालेलच की!

इथे आकडेच बघू. समजा मल्टिप्लेक्समध्ये तिकीट २३६ रुपयांचं आहे. १८ टक्के जीएसटीचे ३६ रुपये गेले, राहिले २००. पहिल्या आठवड्यात साधारण निम्मे थिएटरचे. पुढच्या आठवड्यांत त्यांचा वाटा वाढत जातो, निर्मात्याच्या बाजूचा घटतो. म्हणजे जास्तीत जास्त १०० रुपये आपल्या बाजूला आले. त्यातून डिजिटल प्रक्षेपणाचं शुल्क, पोस्टर-जाहिरातीचा खर्च, वितरकाचं कमिशन. त्यातून जे उरेल ते वर सांगितलेल्या कालव्यात सोडायचं.

आता यात खेळांच्या वेळा घाला. मोठ्या सिनेमाला दिवसाला दहा खेळ, आपल्या सिनेमाला एक, तोही नोकरदार माणूस जाऊ शकणार नाही अशा वेळेला. प्रेक्षक आले नाहीत म्हणून सोमवारी तोही खेळ काढतात. चांगला सिनेमा तोंडी प्रसिद्धीवर चालतो हे खरंच आहे. पण तोंडी प्रसिद्धी व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात आणि तेवढे दिवस पडदा कोणी राखून ठेवत नाही. ‘साबर बोंडं’च्या मागे तेलुगू अभिनेता राणा दग्गुबाती यांची स्पिरिट मीडिया ही कंपनी वितरक म्हणून उभी राहिली. म्हणून तो निदान देशभरातल्या काही शहरांत लागला. मराठी सिनेमाला हैदराबादचा वितरक मिळाला याचा आनंद आहे. मराठीतले कुठे होते, हेही एकदा कोणी विचारायला हरकत नाही.

ओटीटीवर टाकावा म्हणावं, तर तिथेही घासाघीस आहे. करोनाच्या काळात प्लॅटफॉर्म स्वतंत्र सिनेमे हौसेने घेत होते. आता आधी थिएटरात लावा, काय धंदा होतो बघू, मग बोलू, असा पवित्रा असतो. फिरून आपण सोमवारच्या खेळाशी येतो.

## हे सिनेमे परदेशी परीक्षकांना खूश करायला बनवतात

हा आरोप प्रत्येक महोत्सवी सिनेमावर होतो आणि कधी कधी तो खराही असतो. दारिद्र्य आणि छळ यांचा संच तयार ठेवून बनवलेले सिनेमे आहेत. ते ओळखूही येतात.

पण ‘साबर बोंडं’कडे बघा. त्यात मारहाण नाही, खून नाही, आत्महत्या नाही. आईला मुलाबद्दल माहीत आहे, गेलेल्या वडिलांनाही होतं. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा बराच वेळ एका जागी स्थिर. सगळा ताण आहे तो सुतकाच्या नियमांत, ओट्यावर बसलेल्या नातेवाइकांच्या चौकशांत आणि ‘आता तरी लग्नाचं बघा’ या वाक्यात. हे वाक्य कोणत्या सुरात म्हटलं जातं ते परदेशी परीक्षकाला कळतं की नाही कोण जाणे. आपल्याला पहिल्या अक्षराला कळतं. परदेशी पैसा घेतलेला सिनेमा आपल्याकडच्या बारकाव्यांना इतका चिकटून राहू शकतो, कारण अशा अनुदानांत गोष्ट कोणती सांगायची हे सहसा लेखक-दिग्दर्शकच ठरवतो. इथल्या बड्या निर्मात्याने पहिल्या बैठकीत ‘शेवटी मुलाचं लग्न दाखवता येईल का’ म्हणून विचारलं असतं, अशी मला दाट शंका आहे.

## मग घर कशावर चालतं?

इतर कामांवर. जाहिराती, संस्थांसाठी माहितीपट, मालिकांचं लेखन-दिग्दर्शन, फिल्म स्कूलमध्ये शिकवणं, दुसऱ्यांच्या पटकथांना सल्ला. काही जण महोत्सव चालवतात, काही निर्माते होतात. वर्षातले दहा महिने उपजीविका आणि दोन महिने आपला सिनेमा, हे प्रमाण ऐकायला विचित्र वाटतं. आपल्याकडचे बहुतेक नाटकवाले आणि कवी मात्र ते निमूट पाळत आले आहेत.

क्वीअर दिग्दर्शकाच्या बाबतीत एक वेगळा पेच येतो. एक सिनेमा गाजला की त्याला त्याच विषयासाठी बोलावलं जातं: जून महिन्यातली ‘प्राइड’ची, म्हणजे क्वीअर अभिमानाच्या महिन्याची, जाहिरात, परिसंवाद, कुठल्या तरी मालिकेत ‘ते पात्र’ लिहून देणं. पोलिसी थरारपट किंवा कौटुंबिक विनोदी सिनेमा घेऊन गेला तर समोरचा गोंधळतो. दुसरीकडे ‘मला क्वीअर दिग्दर्शक म्हणू नका, नुसतं दिग्दर्शक म्हणा’ म्हटलं, तर ज्या महोत्सवांनी आणि प्रेक्षकांनी उभं केलं त्यांना ते लागतं. माझ्या मते दोन्ही शब्द एकाच वेळी वापरायला काही अडचण नाही. दलित लेखकाला आणि स्त्री दिग्दर्शकाला हा प्रश्न कैक वर्षं विचारून झालेला आहे, आणि तो विचारणाऱ्यांना स्वतःला कधी कुठला शिक्का लागलेला नसतो.

## दुसरा सिनेमा सोपा जातो का?

थोडासा. मेलला उत्तरं लवकर येतात, बैठका मिळतात, नट पटकथा वाचायला तयार होतात. पत कामाला येते ती इथे. पैसे मात्र पुन्हा शून्यापासून गोळा करावे लागतात, कारण पहिल्या सिनेमाचे गुंतवणूकदार अजून मुद्दलाची वाट बघत असतात. ओनीर यांचा ‘माय ब्रदर... निखिल’ २००५मध्ये आला, एचआयव्ही झालेल्या समलैंगिक तरुणावरचा. चांगलं नाव झालं. तरीही पुढे ‘आय ॲम’साठी त्यांना अनोळखी लोकांसमोर झोळी पसरावी लागली, आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळून जवळपास दहा वर्षं झाल्यावरही एका पटकथेला मंत्रालयाची परवानगी मिळवता आली नाही.

असा एखादा सिनेमा तुमच्या शहरात लागलाच आणि बघायचा असेल, तर शुक्रवार ते रविवारातच बघा. पुढच्या आठवड्याचे खेळ ठरवताना थिएटरवाला आधी त्या तीन दिवसांची विक्री बघतो.